चौऱ्याऐंशी ठिपके

"ताई, खरं सांगा हं, हे चित्र नववीतल्या मुलीनं काढलंय असं वाटतं तरी का?"

विचारून टाकलं एकदाचं! विचारून दाखवायची पैज जिंकली. मागे तिच्या मैत्रिणी टिल्ली आणि चष्मिश तोंडावर हात दाबून खिदळल्या. अख्खा वर्ग जिला खारू म्हणतो ती मात्र मान ताठ करून उभी राहिली. का नाही राहणार? शाळेच्या नव्या बोधचिन्हासाठी दीडशे चित्रं आली होती आणि निवडलं होतं तिचं. झेपावणारा निळा पक्षी, चोचीत हिरवं पान. उद्या सकाळी शाळेच्या फाटकावर त्याचा आठ फुटी फलक लागणार होता आणि तो छापून घ्यायला चित्रकलेच्या बाईंनी तिलाच छापखान्यात धाडलं होतं.

छापखान्यातली ताई हसली नाही. "बघू या की," म्हणाली, फाइल उघडली आणि एक बटण दाबलं.

पडद्यावरचे रंग गेले. निळं गेलं, हिरवं गेलं. उरल्या नुसत्या बारीक काळ्या रेघा.

"अहो, हे काय केलंत?"

"घाबरू नकोस. सांगाडा बघतेय. छापायच्या आधी मी बघतेच."

असं काही बटण असतं हेच खारूला ठाऊक नव्हतं. संगणकावर चित्र काढायला शिकू लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते. पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये रंग झकास भरता यायचे, पण चित्र मोठं केलं की नुसते चौकोन चौकोन. दुसरं सात दिवस शहाण्यासारखं चाललं आणि आठव्या दिवशी पैसे मागून अडून बसलं. तिसरं फुकट होतं. त्यातलं चित्र कितीही ताणा, रेघ आपली स्वच्छ. शिवाय त्यात तयार चित्रांची एक पेटी होती.

ताईनं पानावर क्लिक केलं. पानाच्या कडेला ठिपकेच ठिपके उमटले, गुळाला मुंगळे लागावेत तसे.

"चौऱ्याऐंशी," ताईनं कोपऱ्यातला आकडा वाचला. "एवढ्याशा पानाला चौऱ्याऐंशी ठिपके! रेघ वळेना म्हणून पावलापावलावर खुंटी ठोकत गेलीस ना? नवशिके सगळे हेच करतात. मीही केलंय."

मग तिनं पक्ष्यावर क्लिक केलं. अख्ख्या पक्ष्याला बावीस ठिपके. प्रत्येक ठिपका अगदी वळणावर, जिथल्या तिथे.

ताईनं आकडा पुन्हा वाचून पाहिला.

"कमी ठिपके म्हणजे चांगलं ना?" टिल्लीनं नाक खुपसलं.

"खूप चांगलं. इतकं यायला मला सहा वर्षं लागली."

"बघितलंत! आमच्या खारूला तीन आठवड्यांत आलं!"

बाईंची एकच अट होती, रेघन् रेघ स्वतःची हवी. ती अट लिहिलेल्या कागदाखाली खारूनं झोकात सही ठोकली होती.

"मुलींनो, बाहेर मशीनवर फलकाचं कापड चढतंय. जा, बघून या," ताई म्हणाली. दोघी धूम पळाल्या. मग तिनं खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. "अक्षरावरून माणूस ओळखू येतो ना? तसाच ठिपक्यांवरूनही येतो. इथे दोन माणसं आहेत. पक्षी पेटीतला?"

खारूनं होकाराची मान हलवली. "मी काढून बघितला होता हो. पण माझा पक्षी बदक झाला."

"हे बघ, मी काही तुझ्या शाळेची बाई नाही. फाइल आली की छापायची, एवढंच माझं काम. मी कुणाला सांगणार नाही आणि बाहेरून बघून कुणाला कळणार नाही." ताईचं बोट बटणावर टेकलं. "छापू? बोल."

बाहेर मशीन घरघरायला लागलं. काचेपलीकडून टिल्ली अंगठा दाखवत होती. बाबांनी उद्याची रजा टाकली होती. आईनं तर सगळ्या नातेवाइकांना फोन केले होते. एक 'हो' म्हटलं की झालं. कोण विचारणार होतं?

"नका छापू."

"काय म्हणालीस?"

"छापू नका!"

या वेळी काचेपलीकडेही ऐकू गेलं. टिल्लीचा अंगठा तसाच वर राहिला.

ताईनं बोट उचललं. पक्षी पुसून तिनं नुसतं पान एका साध्या कागदावर छापलं आणि देठाजवळ पेनानं गोल केला. "हे वळण बघ. इथे एकच ठिपका आहे, आणि बरोबर जागेवर आहे. हे तुझं."

रस्त्यात खारूनं मैत्रिणींना सगळं सांगून टाकलं. टिल्ली रडवेली झाली. चष्मिश बराच वेळ कागद निरखत राहिली. "पान जरा काकडीसारखं दिसतंय," ती शेवटी म्हणाली, "पण तुझं दिसतंय."

घरी आई उद्याच्या गणवेशाला इस्त्री करत होती. बाबा फोनवर आत्याशी बोलत होते. "अगं, साडेआठला पडदा उघडणार! वेळेवर ये, नाहीतर मागे उभं राहावं लागेल."

खारूनं इस्त्रीच्या टेबलावर कागद ठेवला.

बाबांनी फोनवर हात धरला. "हे काय? पक्षी कुठंय?"

"पक्षी माझा नव्हताच, बाबा."

इस्त्री हवेतच थांबली.

"तयार मिळतो तो. मी उचलला. माझं एवढंच, हे पान. आत्ता मी बाईंना फोन करतेय, आणि उद्या सगळ्या शाळेसमोर हे मीच सांगणार आहे. पडदा नसेल, फलक नसेल. तरी तुम्ही दोघं या. आणि पहिल्या रांगेत बसा."