वितळायला नको

फ्रीझरमध्ये इतका बर्फ साचला होता की दार लागेना. सासूबाईंनी बटण बंद केलं, खाली जुनी चादर अंथरली आणि सामान बाहेर काढायला घेतलं. मागून दुधाच्या चिमुकल्या पिशव्या निघाल्या, तशी सून धावत आली.

"आई, त्या वितळायला नकोत हं."

पिशव्या डब्यात भरून सासूबाई शेजारणीकडे गेल्या.

"आमचा फ्रीझर साफ होईपर्यंत एवढं ठेवाल?"

"काय आहे?"

"नातवाचं दूध. सुनेनं काढून ठेवलेलं."

शेजारणीनं आपला अख्खा कप्पा रिकामा केला. गेल्या महिन्यात बाळ गेलं, तेव्हा त्याला शेवटची आंघोळ तिनंच घातली होती.