मिठातला मासा

चिमूरच्या आपल्या मोबाइलच्या दुकानात गिऱ्हाईक खेचायला रोशननं नागपूरहून खाऱ्या पाण्याच्या माशांची काचेची टाकी आणली. पंप, फिल्टर, दिवा सगळं एकाच डब्यात बसवलेलं, सोबत मिठाची पिशवी. मीठ कालवलेलं पाणी माशाला मानवेल असं व्हावं म्हणून महिनाभर नुसतं पाणीच फिरवलं, मग त्यात समुद्रातला एक नारिंगी मासा सोडला.

त्याची माय भागीरथा हिचा जन्म तलावातले मासे खारवून, वाळवून विकण्यात गेलेला. पहिल्या दिवसापासून ती टाकीकडे संशयानंच पाहायची.

"वेगवेगळं काही घ्या लागत नाई, माय. बटन दाबलं की झालं."

"आन् लाइन गेली की? सारं एकाच डब्यात, त सारं एकदमच बंद! आन् मासा नव्हता तवा पाणी काऊन फिरवत होता रे? मले त हा डब्बा खरा नाई वाटत. आपण माशाले मेल्यावर मीठ लावतो, हे जित्यालेच लावून राह्यले!"

रोशन हसला. मायला दुकानात बसवून माल आणायला नागपूरला गेला.

संध्याकाळी परतला, तर मासा पाण्यावर उलटा तरंगत होता. रिकाम्या बादलीजवळ उभी राहून भागीरथा पदरानं हात पुसत होती. त्याला पाहताच कडाडली,



"म्या सांगतलं होतं ना, तुहा डब्बाच खोटा हाय! सारं खारं पाणी फेकून आपल्या तलावाचं गोडं पाणी भरलं, तरी मेला!"