वाऱ्यावरचा पदर

पाचगणीच्या पठारावर वारा इतका सुटला, की फ्लॅशवरची छत्री उलटून दरीत गेली. मासिकाच्या मुखपृष्ठासाठी फोटो काढायचं शर्वाणीचं हे पहिलंच काम. संपादक म्हणाले, "आवरा. उद्या स्टुडिओत दुसऱ्या कुणाकडून तरी काढून घेऊ."

मॉडेल तेजल पैठणीचा पदर दोन्ही हातांनी आवळून उभी होती. तिची धडपड पाहून शर्वाणीच्या लक्षात आलं, की आपण सकाळपासून वाऱ्याशी उगाच भांडतोय.

"तेजल, हात काढ. सोडून दे पदर."

पदर आभाळात लांबच लांब उलगडला. शर्वाणी गवतात आडवी पडून फोटो काढत राहिली.

कॅमेऱ्यात डोकावून संपादक म्हणाले, "मुखपृष्ठ हेच."

ती पैठणी विणणाऱ्या कौसाबाई फोटो काढताना पाहायला आल्या होत्या; त्या शेजारीच डोळे पुसत होत्या. "आठ महिने मागावर बसले," त्या म्हणाल्या, "पण पदरावरचे मोर उडताना आजच पाहिले."