भरलेली टाकी

मागची सीट काढून शर्वरी टाकीपाशी वाकली आणि तिने कपाळावर हात मारला. टर्बो बसवल्यापासून गाडी जोरात हाणली की इंजिनला पेट्रोल कमी पडायचं. उद्याच्या शर्यतीआधी टाकीतला पंप काढून मोठा बसवायचा, म्हणून तिने टाकी मुद्दाम रिकामी ठेवली होती. आता ती काठोकाठ!

"कीर्तनाला नेली होती ना, येताना मीच भरली," वडील उपरणं सावरत म्हणाले. "काटा अगदी तळाला. शर्यतीत मध्येच बंद पडली म्हणजे?"

ती खेकसणारच होती. पण आजवर त्यांनी याला 'थेरं'च म्हटलं होतं. 'शर्यत' म्हणाले ते आज पहिल्यांदा.

"चुकलं का गं काही?"

"छे! बरं केलंत, अप्पा."

ते समाधानाने देवघरात जाईपर्यंत ती थांबली. मग आवाज न करता टाकीत नळी सोडून कॅन भरायला बसली.