खाली पडलेल्या किल्ल्या

नानाजींनी सह्यांचा गठ्ठा ठाणेदारांच्या टेबलावर ठेवला आणि 'बसा' म्हणायची वाट न पाहता बोलायला सुरुवात केली.

"दुसरा झाला, साहेब. मी म्हणत नव्हतो?"

सिंदीच्या बाजारात नानाजींचं कापडाचं दुकान. दोन महिन्यांपूर्वी त्याच दुकानाच्या पायरीवर त्यांच्या मुलावर, स्वप्निलवर, हल्ला झाला. दारापुढे गाडी लावण्यावरून चिडलेला एक ओळखीचा माणूस आला आणि त्याने हातातला किल्ल्यांचा जुडगा चुकून पडल्यासारखा खाली टाकला. स्वप्निल उचलून द्यायला वाकला. सभ्य घरातलं पोर वाकणारच. तेवढ्यात डोक्यात लोखंडी सळाख बसली. पोरगा वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलताना शब्द अडायला लागले. ही युक्ती मोबाईलवरच्या एका मालिकेत पाहिली, असं त्या माणसाने पोलिसांपुढच्या जबाबात सरळ सांगून टाकलं.

तेव्हापासून नानाजींच्या अंगाचा तिळपापड होत होता. थंडगार खोल्यांत बसून माणसं मारायच्या नव्यानव्या तऱ्हा शोधायच्या, पडद्याच्या कोपऱ्यात 'फक्त प्रौढांसाठी' लिहायचं आणि हात झटकून मोकळं व्हायचं. वर त्याला करमणूक म्हणायचं. यांच्या घरातलं कोणी असं वाकलं असतं म्हणजे कळलं असतं.

असल्या मालिकांना काही मर्यादा घाला, असा अर्ज त्यांनी लिहिला. पहिल्या आठवड्यात जेमतेम साठ सह्या मिळाल्या. लोक ऐकून घेत, हळहळत आणि शेवटी म्हणत, जाऊ द्या, ती तर गोष्ट असते.

मग नानाजींनी दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण मयुरीकडे दिलं. मयुरी त्यांची मुलगी, वर्ध्याला कॉलेजात शिकणारी. चित्रणाला आवाज नव्हता, आणि सगळं इतकं झटपट उरकत होतं की पाहणाऱ्याला काही समजत नसे. वडिलांच्या सांगण्यावरून तिने किल्ल्या पडतात तिथे लाल गोल काढला, वार सावकाश केला, मागे डफाचा ठेका टाकला. स्वप्निलच्या आईने, शकुंतलाबाईंनी, ते एकदा पाहिलं आणि त्या उठून आत गेल्या. बाजारात मात्र लोकांचे डोळे भरून आले. चित्रण मोबाईलवरून पुढे पुढे जात राहिलं, आणि सेलू, केळझर, वर्धा करत सह्या चार हजारांवर गेल्या. एकेक सही म्हणजे कोणाचं तरी पोर वाचलं, असं नानाजींना वाटे.

आणि काल केळझरला रूपरावने चुलतभावाला, तानबाला, पाडलं. वाद शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वर्षानुवर्षं चाललेला. पण तऱ्हा तीच. किल्ल्या खाली पडल्या आणि तानबा वाकला. तो अजून शुद्धीवर आला नव्हता. ही बातमी कळल्यावर नानाजींना दुकानात बसवेना.

ठाणेदारांनी पाणी मागवलं. स्वप्निलच्या हाताची चौकशी केली. मूठ अजून वळत नाही, असं नानाजींनी सांगितलं, पण विषय काही बदलू दिला नाही.

"तानबाची बायको तिकडे रडून राह्यली, साहेब. तिले कोण तोंड दाखवीन? तो मालिकावाला येईन काय?"

ठाणेदारांनी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

"आता तरी हा अर्ज वर पाठवा. अजून कितीक जण वाकाची वाट पाह्यता?"

"रूपरावले मी सोताच विचारलं, नानाजी," ठाणेदार हळू आवाजात म्हणाले. "तो म्हणते, मालिका-गिलिका मले माहीत नाई. साठीचा माणूस हाय. घरी टीव्ही बी नाई त्याच्या."

"मंग शिकला कुठून?"

"मोबाईलवरच पाह्यलं म्हणते. तेच ते वीस-पंचवीस डाव पाह्यलं."

नानाजींनी टेबलावर हात आपटला. हेच तर ते दोन महिने ओरडून सांगत होते. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि अर्जाचा पहिला कागद पुढे ओढला.

"नाव सांगा त्या मालिकेचं. सगळ्यात वर तेच लिहितो."

ठाणेदारांनी नाव सांगितलं नाही. त्यांनी ड्रॉवरमधून रूपरावचा मोबाईल काढला, एक बटण दाबलं आणि तो नानाजींच्या पुढे सरकवला.

आधी डफ वाजला. मग पायरीपाशी लाल गोल उमटला, आणि स्वप्निल किल्ल्या उचलायला सावकाश वाकला.