चि-हाचं झाकण

"कोणी विश्वास ठेवणार नाही, लावा पैज! जपान्यांनी चि-हा नावाचा रणगाडा बनवला. आधी आखूड तोफ बसवली, ती रशियन रणगाड्यांपुढे फुसकी ठरली. मग लांब तोफ आणली, तिच्यासाठी बुरूज मोठा केला. पत्रा मात्र पातळच ठेवला. असला एक चि-हा ब्रह्मदेशात चिखलात रुतला आणि माझ्या बाबांनी, मराठा पलटणीतल्या साध्या शिपायानं, तो एकट्यानं पकडला!"

लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या घरात नात शाल्मली हे फोनवर रेकॉर्ड करत होती. रिमेंबरन्स डेला, युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनी, तिला शाळेत पणजोबांवर बोलायचं होतं, म्हणून मीही तिखटमीठ जरा सढळ घातलं.

"बाबा टपावर चढले. आत चार जपानी पोरं उकाड्यानं शिजत होती. बाबांनी झाकण उचललं आणि पाण्याचा अख्खा डबा आत ओतला. पोरं न्हाली, हसली, बाहेर येऊन बाबांच्या पाया पडली!"

"आबा, ब्रिलियंट! हीच स्टोरी मी असेंब्लीत सांगते."

कोपऱ्यात व्हीलचेअरवर माझी पंचाण्णव वर्षांची आई बसली होती. ती हल्ली बोलत नाही. आज बोलली.



"खोटं नको शिकवूस तिला, विसू. तुझे बाबा जन्मभर झोपेत ओरडत उठायचे. पाणी नव्हतं त्या डब्यात, पेट्रोल होतं."