घुरघुर

शिवराजच्या बरकतपुऱ्यातल्या फ्लॅटमध्ये सतरा सॉकेट होते आणि त्यांतले नऊ चालू होते. स्टिरिओतली बारीक घुरघुर त्या नवांपैकीच कुठून तरी येत होती. तो हात धुऊन तिच्या मागे लागला. एकेक प्लग काढायचा, आवाज मोजायच्या मीटरवरचा आकडा वहीत लिहायचा. फ्रिज, टीव्ही, वायफाय, सगळे निर्दोष निघाले. शेवटी राहिला आईच्या हवेच्या गादीचा पंप. ती चार महिने अंथरुणाला खिळलेली होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तो पंप दिवसरात्र गादीतली हवा बदलत असे.

त्यानं प्लग काढला. घुरघुर थांबली.

"आई, गाणं संपेपर्यंत बंद ठेवू? दुखेल का?"

"कंबरेखाली मला काय समजतंय रे? ठेव की." ती हसली. "तुझ्या त्या पेट्यांना माझ्यापेक्षा जास्त पथ्यं!"

पहिल्या दिवशी पंप दोन तास बंद राहिला, दुसऱ्या दिवशी पाच. नंतर तो परत चालू करायचंच राहून जाऊ लागलं.

रविवारी नर्स आली. तिनं आईला कुशीवर वळवलं आणि तिचे हात थांबले.

"सर, घर में स्केल है क्या?"

आईनं मान वळवायचा प्रयत्न केला. "काय झालं रे?"

शिवराजनं पट्टी आणली आणि सवयीनं दोनदा मोजलं. लांबी सहा पूर्णांक दोन सेंटिमीटर, खोली एक पूर्णांक आठ.